इटलीतल्या युद्धस्मारकांवर आपल्या माणसाचं नाव कसं शोधायचं: तयारीपासून परतीपर्यंत

महाराष्ट्रातून इटलीला जाणारी बहुतेक मंडळी रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस करून परततात. रोमहून नेपल्सला जाताना कसिनो नावाचं गाव लागतं, डोंगरावर पांढराशुभ्र मठ दिसतो आणि गाडी पुढे निघून जाते. त्याच मठाच्या पायथ्याशी चार हजारांहून जास्त कबरी आहेत. त्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या संगमरवरी फलकांवर आणखी चार हजारांवर नावं आहेत. त्यातलं एक नाव माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या यशवंत घाडगे यांचं आहे.

१९४३ ते १९४५ या काळात भारतीय लष्कराच्या ४थ्या, ८व्या आणि १०व्या डिव्हिजन इटलीत लढल्या. सुमारे ५०,००० सैनिक. त्यातले ५,७८२ तिथेच राहिले. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी (हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) ६ भारतीय सैनिकांना मिळाले आणि त्या सहांपैकी दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव. तिथे मेलेल्यांची नावं सुमारे चाळीस ठिकाणी विखुरलेली आहेत. नीट तयारी केली तर सर्वसाधारण इटली सहलीत त्यातली दोन-तीन ठिकाणं सहज बसतात.

हा लेख त्या तयारीचा आहे. माझा आग्रह एकच आहे: स्मारक बघायला जाऊ नका, एखाद्या नावाला भेटायला जा. नाव हातात नसेल तर वॉर सिमेट्री म्हणजे सुंदर राखलेली बाग वाटते, वीस मिनिटांत फोटो काढून माणूस बाहेर पडतो. नाव हातात असेल तर तीच जागा वेगळी होते.

पहिलं काम: घरात आणि गावात शोधा

घरात कुणी लष्करात होतं असं नुसतं ऐकिवात असेल तर सुरुवात ट्रंकेपासून करा. जुनी पदकं सापडली तर त्यांची कड भिंगाखाली बघा. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांवरही बहुधा नाव असतं. सर्वांत मोलाचा तो क्रमांक. नावाचं स्पेलिंग दहा प्रकारे बदलतं, क्रमांक बदलत नाही. पेन्शनचे कागद, डिस्चार्ज बुक, मनीऑर्डरच्या पावत्या, फोटोमागे लिहिलेला पत्ता, काहीही टाकाऊ समजू नका. काही घरांत पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या कुटुंबांना दिलेली तळहाताएवढी कांस्याची गोल तबकडी देवघरात किंवा फडताळात अजून असते. तिच्यावर नाव असतं, हुद्दा नसतो.

मग गाव. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर भागातल्या कित्येक गावांच्या चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत एक पाटी आहे: या गावातून इतकी माणसं १९१४–१९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी हे तर त्यासाठीच ओळखलं जातं, पहिल्या महायुद्धात तिथल्या ४६ जणांनी प्राण दिले. या पाट्यांवर आकडा असतो, नावं नसतात. परदेशातल्या भिंतीवर नावं असतात, गाव नसतं. या दोन्हींचा सांधा जोडणं हेच आपलं काम आहे. गावातल्या वयस्कर माणसांशी बोला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. पलटण मराठा लाइट इन्फन्ट्री असेल तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा.

मराठी माणूस म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच, असं धरून चालू नका. खडकीचे बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स (लष्करी अभियंते), १९४१ साली बेळगावात उभी राहिलेली महार रेजिमेंट, सर्व्हिस कोअरचे ड्रायव्हर, वैद्यकीय पथकं, आणि पलटणीसोबत जाणारे स्वयंपाकी, भिस्ती, सफाई कामगार, न्हावी, या सगळ्यांत आपली माणसं होती. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खलाशांची नोंद आणखी वेगळीकडे, मर्चंट नेव्हीत सापडते. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या सहा हजारांहून जास्त भारतीय खलाशांची नावं मुंबई आणि चितगावच्या स्मारकाच्या नामावलीत आहेत. असा पूर्वज असेल तर परदेशी जाण्याआधी मुंबईच पुरेशी आहे.

घरातलं कुणीच नसेल तर? आपल्या जिल्ह्यातलं एक नाव निवडा. त्याला नातं लागत नाही.

दुसरं काम: कमिशनच्या यादीत शोध

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था १९१७ साली स्थापन झाली. भारत तिच्या सहा सदस्य देशांपैकी एक आहे. दोन्ही महायुद्धांतल्या १७ लाख मृतांची नोंद तिच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येते. इंग्रजी माणसासाठी हा शोध सोपा आहे. आपल्यासाठी त्यात चार अडचणी आहेत, आणि लोक इथेच कंटाळून सोडून देतात.

पहिली अडचण नावाच्या रचनेची. भारतीय सैनिकाचं अख्खं नाव बऱ्याचदा आडनावाच्या रकान्यात घातलेलं असतं. ‘घाडगे’ शोधून हाती काही लागलं नाही तर आडनावाच्या जागी ‘यशवंत’ टाकून बघा, मग ‘यशवंत घाडगे’. आडनावच नसलेल्या नोंदीही भरपूर आहेत, नुसतं ‘रामा’ किंवा ‘बाबाजी’ आणि पुढे बापाचं नाव.

दुसरी अडचण स्पेलिंगची. जाधव हे व्हीने, ओने, कधी डब्ल्यूने संपतं. शिंदे एसने, एसएचने, मधे जादा एच घालून. पवारचं पोवार होतं, मोरेच्या शेवटी कधी ई कधी वाय, चव्हाणचे तर असंख्य प्रकार. एका आडनावाचे सुचतील तितके अवतार कागदावर लिहून काढा आणि एकेक करून टाका. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

तिसरी अडचण जिल्ह्याची. नोंदीत ‘अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक गाव, तमुक जिल्हा’ अशी एखादी ओळ असते. तो जिल्हा तेव्हाचा असतो. आजचा रायगड तिथे कुलाबा आहे. सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला, म्हणून मालवण-कणकवलीची माणसं रत्नागिरीत सापडतात. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा आज सांगलीत आहेत, तेव्हा साताऱ्यात होते. कोल्हापूर, सावंतवाडी, भोर ही संस्थानं होती आणि नोंदीत संस्थान म्हणूनच येतात. गावाचं स्पेलिंगही कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं, ते मोठ्याने वाचा म्हणजे ओळखू येतं.

चौथी गोष्ट गाळणीची. नुसतं नाव टाकण्यापेक्षा भारतीय लष्कर, मृत्यूचा देश किंवा दफनस्थान इटली आणि रेजिमेंट ‘५वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ असं निवडून पूर्ण यादी उघडा आणि खाली सरकत वाचत जा. त्या काळी रेजिमेंटच्या नावात मराठाचं स्पेलिंग ‘एमएएच’ असं सुरू होतं, तेही लक्षात ठेवा. ही यादी एकदा सावकाश वाचाच. गणपत, सखाराम, बाळकृष्ण, धोंडी, विठोबा… वयं बावीस, एकोणीस, चोवीस.

नोंद सापडली की तीन गोष्टी उतरवून घ्या: सेवा क्रमांक, दफनभूमीचं किंवा स्मारकाचं पूर्ण नाव, आणि जागा. कबर असेल तर जागा प्लॉट, रांग, कबर अशा क्रमाने दिलेली असते, म्हणजे रोमन अंक, मग अक्षर, मग आकडा. स्मारक असेल तर पॅनेल किंवा कॉलमचा क्रमांक असतो. पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि एक छापील प्रतही घ्या. ऐनवेळी मोबाइलची रेंज जाते.

कबर शोधायची की भिंत?

इथे बरेच मराठी पर्यटक गोंधळतात. दफनभूमीत रांगांमागून रांगा फिरतात आणि ‘आपलं कुणीच नाही’ म्हणून निघतात.

हिंदू आणि शीख सैनिकांचं शक्य असेल तिथे त्यांच्या धर्माप्रमाणे दहन झालं. त्यामुळे त्यांची कबर नसते, नाव दहन-स्मारकावर असतं. इटलीत अशी तीन स्मारकं आहेत: सांग्रो रिव्हर वॉर सिमेट्रीत ५०० हून जास्त नावांचं, फोर्लीच्या इंडियन आर्मी वॉर सिमेट्रीत सुमारे ८०० नावांचं, आणि रिमिनीच्या गुरखा वॉर सिमेट्रीत १७२ नावांचं. ज्यांचा देह सापडलाच नाही किंवा ओळख पटली नाही ते कसिनो मेमोरियलच्या फलकांवर आहेत. यशवंत घाडगे त्यांतलेच. काही हिंदू सैनिकांच्या नावाचे शिलालेखही, म्हणजे कबरीवर असतात तसे दगड, उभे आहेत. त्यांच्यावर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरलेलं दिसतं. इंग्रजी नावांच्या रांगेत अचानक देवनागरी दिसली की पाय थबकतातच.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद न करता प्रत्येक मृताचं नाव कोरायचं, हे कमिशनचं सुरुवातीपासूनचं तत्त्व. युरोपात ते बऱ्याच अंशी पाळलं गेलं. आफ्रिका आणि मध्यपूर्वेत पहिल्या महायुद्धानंतर ते पाळलं गेलं नाही. कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीने २०२१ साली मान्य केलं की किमान ४५,००० मृतांची, त्यांत बहुतांश भारतीय आणि आफ्रिकी, दखल असमान पद्धतीने घेतली गेली आणि किमान १,१६,००० जणांची नावानिशी नोंदच झाली नाही. म्हणून पणजोबा मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेले आणि यादीत नाव नाही, असं झालं तर ते गेलेच नव्हते असा अर्थ काढू नका.

सराव पुण्यात

परदेशी जाण्याआधी एक सकाळ खडकीच्या वॉर सिमेट्रीत काढा. होळकर पुलाजवळ आहे, प्रवेश मोफत. १,६६८ कबरी आहेत, शिवाय पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक. तिची रचना जगभरातल्या या दफनभूमींसारखीच आहे. एकसारखे शिलालेख, उंच दगडी क्रूस, दाराजवळ नामावलीची पेटी. शिलालेख वर बिल्ल्यापासून खाली वयापर्यंत कसा वाचायचा, प्लॉट आणि रांग कशी मोजायची, हे तिथे अर्ध्या तासात समजतं. मुलांना सोबत न्यायचं असेल तर हा सराव जास्तच उपयोगी. शिवाय आपल्या शहरात कुणाची तरी बावीस वर्षांची मुलं पुरलेली आहेत आणि आपण त्यांच्या रस्त्यावरून रोज जातो, हे कळून मग परदेशी जाणं बरं.

मार्ग आखताना

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये या दफनभूमींवर सावली नसते. १५ ऑगस्टच्या आसपास इटलीत सगळं बंद असतं, लहान गावांच्या बसही तुरळक असतात. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका. शेंगेन व्हिसाच्या अर्जात मुक्कामाची गावं लिहिताना फोर्ली किंवा कसिनोसुद्धा खुशाल लिहा, त्यात अडचण नसते. गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या. जुन्या गावांच्या आतल्या भागात परक्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड थेट भाड्याच्या कंपनीमार्फत येतो, म्हणून गाडी वेशीबाहेरच लावायची.

*कसिनो.* एकच ठिकाण शक्य असेल तर हे. रोमा टर्मिनीहून साधी रीजनल गाडी दीड ते दोन तासांत पोचवते, एका दिवसात जाऊन येता येतं. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो. स्टेशनवरून वॉर सिमेट्री पायी जाण्याजोगी आहे, रस्त्याचं नाव व्हिया सान्तांजेलो. रस्ता विचारताना ‘चिमितेरो इंग्लेसे’ म्हणा, स्थानिक लोक तसंच म्हणतात.

आत ४,२७१ कबरी आहेत. मधे पाण्याचं कुंड आणि दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराचे उंच फलक, तेच कसिनो मेमोरियल. फलकांवर नावं पलटणीनुसार, पलटणीत हुद्द्यानुसार, आणि मग वर्णक्रमाने लावलेली असतात. भारतीय नावांचा क्रम बहुधा पहिल्या नावावरून लागतो. तेव्हा घाडगे शोधायला इंग्रजी जीकडे जाऊ नका, ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीखाली नाईक हा हुद्दा काढा आणि वायखाली बघा. फलक उंच आहेत, वरच्या ओळी वाचायला मोबाइलचा झूम लागतो. उन्हाच्या वेळी पॉलिश केलेल्या दगडावर अक्षरं दिसेनाशी होतात, बाजूला सरकून तिरकं पाहिलं की उमटतात.

नावाच्या फलकापासून वळून डोंगराकडे बघा. मठ तिथेच वर दिसतो. जानेवारी ते मे १९४४ या काळात या डोंगरासाठी चार लढाया झाल्या. इ.स. ५२९ च्या सुमारास स्थापन झालेला तो मठ १५ फेब्रुवारी १९४४ रोजी बॉम्बफेकीत जमीनदोस्त झाला. आजचा मठ युद्धानंतर तसाच्या तसा पुन्हा बांधलेला आहे. ४थी भारतीय डिव्हिजन त्याच्या मागच्या ‘५९३’ क्रमांकाच्या टेकडीवर लढली. मे महिन्यात ८व्या डिव्हिजनने खालची गारी नदी ओलांडली. मठावर जायला नागमोडी रस्ता आहे, बस दिवसातून मोजक्याच, म्हणून जाताना टॅक्सी आणि परतताना बस असा हिशेब ठेवा. मठात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चालायची सवय असेल तर भारतीय आणि न्यूझीलंडच्या सॅपर्सनी रणगाड्यांसाठी डोंगरात फोडलेली वाट, कॅव्हेंडिश रोड, आजही चढता येते. पाणी, टोपी आणि चांगले बूट हवेत.

मठाजवळच पोलिश दफनभूमी आहे आणि कसिनोच्या उत्तरेला कायरा इथे जर्मन, तिथे २०,००० हून जास्त जण आहेत. वेळ असेल तर जर्मन दफनभूमीतही जा. तिथलीही वयं वाचा.

*माँतोने.* उंब्रियातलं डोंगरमाथ्यावरचं छोटं गाव, पेरुजाच्या उत्तरेला, स्वतःची गाडी हवी. या परिसरात, वरच्या टायबर खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते सोडून तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग दुसऱ्या बाजूच्या गोळीने ते पडले. वय २२. २०२३ साली माँतोनेच्या नगरपालिकेने तिथल्या इतिहासप्रेमींच्या साथीने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. ‘सगळे एकाच सूर्याखाली’ अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्यावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. जाण्याआधी तो बघून गेलात तर दोन्ही टोकं जोडली जातात.

*सांग्रो.* एड्रियाटिक किनाऱ्यावर, तोरिनो दी सांग्रो गावाजवळ, पेस्काराच्या दक्षिणेला. २,६१७ कबरी आणि दहन-स्मारक. ८वी भारतीय डिव्हिजन नोव्हेंबर १९४३ मध्ये या नदीवर लढली. किनाऱ्याने रेल्वे जाते, पण स्टेशनवरून पुढे चढ आहे, गाडी किंवा टॅक्सीच बरी.

*फोर्ली.* बोलोन्या–रिमिनी मार्गावरचं शहर, गाड्या वरचेवर. इथे दोन वेगळ्या वॉर सिमेट्री आहेत. टॅक्सीवाल्याला नुसतं नाव सांगितलं तर दुसरीकडेच पोचाल. ‘इंडियन आर्मी’ हे शब्द आवर्जून म्हणा, नकाशा उघडून दाखवा. ४९६ कबरी आणि सुमारे ८०० नावांचं स्मारक, म्हणजे मराठी नावं सापडण्याची शक्यता चांगली. इथूनच उत्तरेला लुगोच्या परिसरात सेन्यो नदी आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून दोन जखमी साथीदारांना परत आणलं. मग हाताला जखम असताना ग्रेनेड फेकत तीन मशीनगन ठाणी बंद केली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करत उरलेल्या तुकड्यांना पुढे बोलावलं. ते जगले, १९८४ साली वारले. म्हणून त्यांचं नाव मृतांच्या कुठल्या भिंतीवर नाही, पण नदीचे उंच बांध आजही आहेत. त्यांवरून चालून बघितलं की ते काय करून गेले ते कळतं.

रिमिनीची गुरखा सिमेट्री सान मारिनोच्या रस्त्यावर आहे, जाता जाता होते.

आत गेल्यावर

कमिशनच्या संकेतस्थळावर प्रत्येक ठिकाणाचं पान असतं, तिथली वेळ आणि दुरुस्तीच्या सूचना निघण्याच्या आदल्या दिवशी बघा. प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीत धातूचं छोटं दार असलेला कोनाडा असतो. त्यात बहुधा नामावली आणि भेटवही ठेवलेली असते. आधी तो उघडा, नकाशा बघा, मग जागा शोधा.

विधीबद्दल मला सारखं विचारलं जातं. आपल्या मनात असतं की माणसाचं काही झालं नाही, निदान इथे तरी काही करावं. जरूर करावं, पण दगड जपून. हे शिलालेख चुनखडीचे किंवा संगमरवराचे असतात आणि हळदकुंकू त्यात मुरतं. कापूर, उदबत्ती, तेलाचा दिवा यांनी काळे डाग पडतात आणि उन्हाळ्यात सुकं गवत पेट घेऊ शकतं. नारळ फोडू नका. ताजी फुलं ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीशिवाय आणि दोऱ्याशिवाय. गावातून माती नेऊन तिथे टाकायची इच्छा अनेकांना होते. युरोपियन युनियनमध्ये बाहेरची माती नेण्यास बंदी आहे आणि तिथली माती भारतात आणण्यावरही निर्बंध आहेत. त्याऐवजी गावाचा, घराचा, शेताचा छापील फोटो न्या, मागे दोन ओळी लिहा, फलकाच्या पायाशी थोडा वेळ ठेवा आणि उठताना सोबत घ्या.

मंत्र, पसायदान, नुसतं नाव मोठ्याने घेणं, यांतलं काहीही चालतं. ज्या गावच्या बोलीत त्या माणसाला हाक मारत असतील त्या बोलीत त्याचं नाव तिथे ऐंशी वर्षांत कुणी उच्चारलं नसण्याचीच शक्यता जास्त. मला तरी कुठल्याही विधीपेक्षा हे मोठं वाटतं.

चप्पल काढायची सक्ती नाही, काढलीत तर कुणी हरकत घेत नाही. कबरीच्या समोरच्या फुलांच्या पट्ट्यात पाय ठेवू नका. स्मारकाच्या पायऱ्यांवर बसून डबा उघडू नका, बाहेर जाऊन खा. फोटो काढायला हरकत नाही, ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. पुसट अक्षरं वाचायला खडू, कोळसा, नाणं अजिबात घासायचं नाही. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरा, सावली पडून अक्षर उठून दिसतं. फोटो दोन घ्या, एक फक्त नावाचा सरळ समोरून, दुसरा पूर्ण फलकाचा, म्हणजे जागा नंतर पटते. बागकाम करणारे कर्मचारी भेटले तर थांबून बोला, कुठली भिंत, कुठला कोपरा हे त्यांना पाठ असतं.

भेटवहीत देवनागरीत लिहा. नाव, गाव, तालुका आणि तुम्ही कुणासाठी आलात ते. वही चाळली तर आपल्या लिपीतल्या नोंदी फार थोड्या दिसतात.

इटलीऐवजी दुसरीकडे जाणार असाल तर

पद्धत हीच. फ्रान्समध्ये नव्ह-शापेल इथे पहिल्या महायुद्धातल्या ४,७०० हून जास्त भारतीयांचं वर्तुळाकार स्मारक आहे, १९२७ साली उघडलेलं. तिथून बेल्जियमचं ईप्र फार लांब नाही, मेनिन गेट या स्मारक-कमानीखाली रोज रात्री ८ वाजता बिगुल वाजतो. त्या ५४,००० हून जास्त नावांत भारतीयही आहेत. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ टेकडीवर ‘छत्री’ नावाचं स्मारक आहे, तिथे ५३ हिंदू-शीख सैनिकांचं दहन झालं होतं. सिंगापूरला सहलीला जाणारे मराठी लोक हजारोंनी आहेत, क्रांजीची वॉर सिमेट्री तिथल्या मेट्रोने गाठता येते, आणि दहन-स्मारकावर जवळपास ८०० नावं आहेत, बहुतेक भारतीय. थायलंड, म्यानमार, इजिप्त या देशांतही आहेत. सगळ्यांत जास्त मराठी सैनिक पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले, पण बसरा आजही साध्या पर्यटकासाठी सोपं नाही. तिथली नावं यादीत वाचूनच थांबावं लागतं.

परत आल्यावर

फोटो फोनमध्ये पडू देऊ नका. नावाचा फोटो आणि नोंदीची छापील प्रत त्या गावच्या ग्रामपंचायतीला, शाळेला आणि कुटुंब सापडलं तर कुटुंबाला द्या. कुटुंबाला फोटो देताना घाई करू नका, काही घरांत ‘ते परत आलेच नाहीत’ एवढंच पिढ्यानपिढ्या सांगितलेलं असतं. आधी फोनवर बोला, मग जा.

नोंदीत चूक आढळली, म्हणजे स्पेलिंग, गाव, बापाचं नाव, वय, तर कमिशनला संकेतस्थळावरून चौकशीचा अर्ज करता येतो. सोबत पुरावा हवा. पदकाच्या कडेचा फोटो, पेन्शनचा कागद, सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र, शाळेचा दाखला, यांतलं जे असेल ते स्कॅन करून इंग्रजी भाषांतरासह पाठवा. नाव यादीतच नसेल तरी हाच मार्ग, फक्त तो सेवेत असताना किंवा सेवेमुळे मेला याचा त्या काळचा कागद लागतो. उत्तराला महिने लागतात, पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत जवळ ठेवा आणि सेवा क्रमांक प्रत्येक पत्राच्या वरच्या ओळीत लिहा.